बुरसलेली मोटर आणि थोरली जाऊ

माझी थोरली जाऊ पाणी प्यायच्या आधी पेल्याचा वास घ्यायची. पेला घरचा असो की परक्याचा, ती तो नाकाशी नेणार, थांबणार, आणि मगच तोंडाला लावणार. नाही पटलं तर खाली ठेवणार. कोणी ओशाळं झालं, कोणी चिडलं, तरी तिला त्याचं काही वाटत नसे.

तिचं नाव सुभद्रा. घरात तिला सगळे मोठीबाई म्हणत. मी लग्न होऊन आले तेव्हा मोठीबाईनं पहिल्यांदा माझ्या डोक्याचा वास घेतला होता. मी वाकून पाया पडत होते आणि वरून तिचा श्वास लागला. "तेल खवट हाये," ती म्हणाली. "उद्या रिठ्यानं न्हाय." नव्या सुनेला बाकीच्या बायका नाव घ्यायला सांगत होत्या, हिनं न्हायला सांगितलं. मला तेव्हाच ती आवडली नाही. पुढे तिच्यासोबत पंधरा वर्षं एका चुलीवर काढली. आवडण्या-न आवडण्याचा प्रश्न राहिला नाही.

ती उंच, हाडकुळी, गव्हाळ रंगाची होती. नाक मात्र मोठं नव्हतं, लहानसं बसकं होतं. लोकांना त्याचंच नवल वाटे. तिचं एक ठरलेलं बोलणं होतं, "नाकाले इचार." भाजी ताजी आहे का, दूध फाटणार का, पोराला ताप येणार का, कोणी काहीही विचारलं तरी हेच उत्तर. एकदा शेजारच्या लग्नात ती भरल्या पंगतीतून उठली. कढीला वास येतो म्हणाली. यजमानीण रडायला लागली. आम्ही सगळ्यांनी ती कढी वाटी वाटी प्यायली आणि कोणालाही काही झालं नाही. दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम म्हटलं, "बाई, कोनालेच काई झालं नाई."

"होईन," ती म्हणाली.

आमचं माळ्याचं घर, धामणगाव रेल्वेपासून दोन कोसांवर. विहिरीवर वांगी, मेथी, मिरची आणि संत्र्याची थोडी झाडं. बाकी काळ्या जमिनीत कपाशी. सासू माझ्या लग्नाआधीच गेलेली. सासऱ्यांना आम्ही मामाजी म्हणायचो. तेव्हा वऱ्हाड मध्य प्रांतात होतं आणि आमच्याकडे सुनेनं सासऱ्याशी थेट बोलायचं नाही अशी रीत होती. काही सांगायचं असेल तर एखाद्या लेकरामार्फत सांगायचं. लेकरू जवळ नसेल तर खांबाला सांगायचं. ओसरीवर सागवानी खांब होता. सून दारामागून खांबाला म्हणायची, "खांबा, जेवन झालं." मामाजी खांबाला म्हणायचे, "येतो म्हना." मी दिवसातून दोनदा खांबाशी बोलत असेन. मोठीबाई तासन्‌तास बोलायची. त्या खांबानं जेवढ्या शिव्या ऐकल्या तेवढ्या गावातल्या कोणा माणसानं ऐकल्या नसतील.

आणि त्यातल्या अर्ध्या शिव्या मोटरीवरून होत्या.

एक गोरा साहेब अमरावतीहून बदलून गेला, तेव्हा मामाजींनी त्याची जुनी मोटर घेतली. काळी, लांब, वर कापडी टप. पाऊस आला की बाजूंना जाड कापडाचे पडदे बटणांनी लावायचे, त्यात बाहेरचं दिसावं म्हणून पिवळे पडलेले चौकोन. आजूबाजूच्या सात गावांत दुसरी मोटर नव्हती. मामाजींनी तिच्यासाठी टिनाचं छप्पर बांधलं. मग लढाई सुरू झाली, पेट्रोल कूपनावर गेलं, मोटर उभी राहिली. त्याच सुमारास कापसाचा भाव पडला. मामाजी म्हणाले, भाव चढेपर्यंत विकायचा नाही. कापूस ठेवायला जागा नव्हती. म्हणून टिनाखाली कापूस गेला आणि मोटर बाहेर आली, कडुलिंबाखाली. आमच्या भागात कोणीही हेच केलं असतं. कापूस भिजला तर वर्ष गेलं. मोटर भिजली तर भिजली.

त्या कडुलिंबावर बगळे बसत.

दोन पावसाळे ती तशी उभी होती. टपाच्या घड्यांत पालापाचोळा आणि शीट साचून माती झाली आणि त्या मातीत हिरवं शेवाळ आलं, मखमलीसारखं जाड. चढायच्या लाकडी फळीवर ते इतकं होतं की माझा पाय एकदा सटकला. दाराच्या रबराच्या पट्ट्या हिरव्या झाल्या, दिव्यांच्या कडा हिरव्या झाल्या. आतलं तर बोलूच नये. पडदे बटणं लावून बंद, वर ओला टप, आत चामड्याच्या गाद्या. त्यांच्यावर पांढरे-करडे ठिपके आले, मग ठिपक्यांना केस आले. हात लावला की बोटाला ते थंड लागे, आणि बोट धुतलं तरी वास जात नसे. मेलेल्या उंदरासारखाही नाही आणि ओल्या घोंगडीसारखाही नाही, दोन्ही एकत्र शिजवल्यासारखा वास. मला आजही तो आठवला की तोंडाला पाणी सुटतं, ओकारीआधी सुटतं तसं.

मामाजींना तो वास येत नसे. त्यांना ती मोटर दारात उभी आहे एवढंच पुरे होतं. दर मृगाच्या आधी ते स्वतः चिंधी घेऊन गाद्यांना करडीचं तेल लावत. मोटेच्या चामड्याला आमच्याकडे करडीचंच तेल लावायचे, जुवाच्या वाद्यांनाही तेच. त्यानं चामडं मऊ राहतं, वर्षानुवर्षं टिकतं. मामाजींच्या हिशेबानं चामडं ते चामडं.

मोठीबाई त्या मोटरीत कधी बसली नाही. ती तिला मढं म्हणायची. "खांबा, सांग त्यायले, दारात मढं ठेवत असतेत का कोनी?" मामाजी पान जुळवता जुळवता म्हणत, "खांबा, तिले म्हना, माहेरी बैलगाडी तरी होती का?" ती आतून म्हणे, "होती. तिले वास नोता येत."

मोठीबाईची एकुलती पोरगी विमल. सोळा वर्षांची, गोरी, अबोल. तिला लहानपणापासून एक खोड होती. धान्याचं पेव उघडलं, जुनी गोधडी झटकली, की ती शिंकायची, खोकायची. मोकळ्या हवेत गेली की दोन घटकांत बरी. घरात याचं कोणाला काही वाटत नव्हतं.

विमलचं तेल्हाऱ्याला जमलं. पोरगा मॅट्रिक झालेला, सरकी-ढेपेच्या दुकानात कारकून. पाहायला आला तेव्हा विमलनं दारामागून त्याला नीट पाहिलं होतं आणि मला म्हणाली होती, "काकू, त्याची बोटं किती लांब हायेत." तेवढ्यावरून मला कळलं. भाद्रपदात पोराची आई, राधाबाई, आणि तिची नणंद कुंकू लावायला आल्या. कुंकू लावलं, साडी दिली. मग राधाबाई म्हणाल्या, आता आलोच आहोत तर नवरीला घेऊन अमरावतीला देवीची ओटी भरून येऊ.

मामाजींनी याच दिवसासाठी कूपनं जपून ठेवली होती. धामणगावाहून एक ड्रायव्हर आणला. गड्यांकडून मोटर वरून वरून पुसून घेतली. आणि गाद्यांवर वाळ्याचं अत्तर शिंपडलं, अर्धी कुपी.

मोठीबाई ओसरीवर आली. "खांबा, पोरगी बैलाच्या दमनीत जाईन. मोटरीत नाई."

"खांबा," मामाजी म्हणाले, "पाव्हन्यांसमोर माही इज्जत काढू नका म्हना."

मोठीबाईनं एकदाच विमलकडे पाहिलं. विमल नव्या साडीत उभी होती. तिला मोटरीतच जायचं होतं, हे दिसत होतं. मोठीबाई आत गेली. तिच्या आयुष्यात मी तिला एवढ्या वेळीच गप्प बसलेलं पाहिलं.

मी सोबत होते. मागच्या गादीवर चौघी, मधे विमल. अर्ध्या कोसावर पाऊस आला आणि ड्रायव्हरनं पडदे लावले. मग सुरू झालं. वाळ्याचं अत्तर आणि ती बुरशी, एकावर एक. गादी आमच्या वजनानं दबली की आतून ओला, कोमट वास वर येई, जसा कोणी तोंडावर ढेकर द्यावा. मला तिसरा महिना होता. मी दोनदा पडद्यातून तोंड बाहेर काढून ओकले. राधाबाई पदर नाकाला लावून बसल्या. आणि विमल खोकत होती. आधी पदरात, हळूच. मग मोठ्यानं. मग इतकं की तिला श्वास मिळेना, गळ्याच्या शिरा वर आल्या आणि छातीत शिट्टी वाजायला लागली. तीन घंटे. देवीच्या पायऱ्या ती चढू शकली नाही. ओटी राधाबाईंच्या नणंदेनं भरली.

राधाबाई परतीला आमच्याकडे आल्या नाहीत. अमरावतीहून सरळ बडनेऱ्याला गेल्या आणि गाडीत बसल्या. आठ दिवसांनी निरोप आला. पोरीला छातीचं दुखणं आहे, ते लपवून आम्हाला फसवलं. साडी ठेवून घ्या.

छातीचं दुखणं म्हणजे क्षय. तो शब्द कोणी तोंडानं बोलत नव्हतं. पण महिन्याच्या आत विहिरीवर बायका विमलच्या घागरीपासून आपली घागर हातभर लांब ठेवायला लागल्या. हळदीकुंकवाला तिला वेगळ्या कपात दूध आलं. मोठीबाईनं तो कप उचलला, वास घेतला आणि त्यांच्याच अंगणात ओतून दिला. घरी आल्यावर विमल दिवसभर चुलीकडे तोंड करून बसली. ज्या पोरीला क्षयाचं नाव लागलं तिचं लग्न होत नसे. तिच्या मागच्या चुलत बहिणींचंही अडे. एवढं साधं होतं ते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मोठीबाई पहिल्यांदा मोटरीजवळ गेली. पडदा उघडून आत डोकं घातलं आणि तसंच ठेवलं, मोजून पन्नास श्वास तरी. मी लांब उभी होते. बाहेर आली तेव्हा डोळ्यांतून पाणी गळत होतं. ते रडण्याचं नव्हतं. ती थुंकली, परत थुंकली, आणि मला म्हणाली, "कमळे, राख आन. आनि बांबूची कमची. पोरीले काई झालं नाई. दुखनं याले हाये."

आठ दिवस आम्ही दोघी ती मोटर घासत होतो. अश्विनातलं ऊन होतं, पाऊस नुकताच उघडलेला. आधी वरचं शेवाळ. ते ओलं असताना निघत नाही, नुसतं पसरतं. मोठीबाईनं ते दोन दिवस उन्हात करपू दिलं. मग कमचीनं खरवडलं तशी त्याची सालं निघाली. टपाच्या घडीतून निघालेल्या मातीत गांडुळं होती. रबराच्या पट्ट्यांच्या खाचेत कमचीच्या टोकाला चिंधी गुंडाळून, सोड्याच्या गरम पाण्यात बुडवून, वीतभर वीतभर घासायचं. चिंधी हिरवी निघायची, मग काळी, मग नुसती मळकी. दर वेळी ती चिंधी नाकाशी न्यायची. "अजून हाये." परत. "अजून हाये." माझ्या कंबरेचे तुकडे झाले. मी म्हटलं, "बाई, दिसत तर काईच नाई आता."

"दिसनं कोन इचारते? नाकाले इचार."

मग तिनं बाहेरून चुन्याची निवळी फिरवली. भिंतीचं शेवाळ चुन्यानं मरतं, हे तिला माहीत होतं. मोटरीचा रंगही चुन्यानं मरतो, हे माहीत नव्हतं. दुपारपर्यंत काळ्या पत्र्यावर पांढरट चट्टे उठले, कोड फुटल्यासारखे. मामाजी ओसरीवरून उठले, पाहिलं, आणि खांबाला धरून खाली बसले.

"खांबा," ते म्हणाले, "माही मोटर खराब करून राहिली ही बाई."

"खांबा," मोठीबाई मान वर न करता म्हणाली, "माही पोरगी खराब झाली. मोटरीचं काय घेऊन बसले?"

पाचव्या दिवशी ती गाद्यांकडे वळली. वरून कितीही पुसलं तरी बुरशी उन्हानं मरायची आणि सकाळी दव पडलं की परत यायची. मोठीबाईनं गादीवर बोट घासलं, वास घेतला, परत घेतला. मग विळा आणला आणि गादी उभी चिरली.

आतून जे निघालं ते मी कोणाच्या जेवणाआधी सांगत नाही. काथ्या आणि घोड्याचे केस भरलेले होते, ते सगळं मिळून काळं, चिकट, लोण्यासारखं झालेलं. मधे उंदराचं घर, त्यात सुकलेली पिल्लं. आणि सगळ्यावर तेल. मोटेच्या चामड्याला दिवसभर पाणी आणि ऊन लागतं, तेल त्यात जिरतं. इथे ते चामड्यातून खाली उतरलं होतं, झाकलेल्या अंधारात कुजलं होतं, आणि बुरशी ते पीत बसली होती. जितक्या प्रेमानं लावलं तितकी ती वाढली. मी तिथेच ओकले. मोठीबाईनं ओकारी दाबली, हे मला तिच्या गळ्यावरून दिसलं. तिनं मूठभर मळ उचलला, दोन बोटांत चोळला.

"करडी," ती म्हणाली. मग ओसरीकडे वळून, मोठ्यानं नाही, "खांबा, हे तेल कोनं लावलं?"

तिला माहीत होतं कोणी लावलं. सगळ्यांना माहीत होतं.

 मामाजी उठले, आत जाऊन पाना आणि पकड घेऊन आले. मोटरीपाशी बसले आणि गाद्यांचे बोल्ट खोलायला लागले. बोल्ट गंजले होते. दोन बोल्ट निघाल्यावर ते थांबले आणि समोर खांब नसताना म्हणाले, "खांबा, तिले सांग. म्याच लावलं."

मोठीबाईनं त्यांच्या हातातून पकड घेतली आणि पुढचा बोल्ट तिनं खोलला. त्या दोघांमध्ये यापेक्षा जास्त काही कधी झालेलं मला माहीत नाही.

गाद्या शेताच्या बांधावर नेऊन जाळल्या. जाळण्याआधी तिनं एक मूठ मळ टिनाच्या डब्यात भरून ठेवला. मोटरीला आतून सोड्यानं धुतलं, चार दिवस पडदे-टप काढून कडक उन्हात ठेवलं. मग तिनं सगळं परत लावलं, आत पाट टाकला, विमलला बसवलं आणि बटणं लावून घेतली. गल्लीतल्या बायकांना मुद्दाम बोलावलं. सकाळपासून दुपारच्या जेवणापर्यंत विमल आत बसून गव्हातले खडे निवडत होती. एकदाही खोकली नाही. बाहेर बायका पदराआडून पाहत होत्या. त्यातली एक उठताना म्हणाली, "आज नाई खोकलली. उद्या खोकलन."

 संध्याकाळी मोठीबाई भासऱ्यांना, म्हणजे तिच्या नवऱ्याला म्हणाली, "उद्या तेल्हाऱ्याले जायचं हाये." भासरे तिच्या बोलण्याबाहेर नव्हते; भाड्याचे पैसे काढून दिले आणि वेचणीसाठी मागे राहिले. माझ्या नवऱ्यानं मला सोबत धाडलं, बाईमाणसासोबत बाईमाणूस असावं म्हणून.

अकोल्यापर्यंत आगगाडीनं गेलो. मळाच्या डब्याचं झाकण फडक्यानं बांधलेलं असूनही आमच्या भोवतीच्या बायका एक एक करून उठून गेल्या. आम्हाला ऐसपैस बसायला मिळालं. तिथून पुढे खटारा सर्व्हिस मोटर होती. तेल्हाऱ्याला पोचलो तेव्हा राधाबाईंचा नवरा ओसरीवर खांबाला टेकून बसला होता. पोरगा दारात आला, आम्हाला पाहून आत वळला, पण माजघराच्या दाराशीच थांबला. आम्हाला ओसरीलगतच्या खोलीत बसवलं, शेजारच्या दोन-चार बायका जमल्या. राधाबाईंनी भरलेला लोटा पुढे केला. पाणी विचारल्याशिवाय राहता येत नव्हतं ना.

मोठीबाईनं लोटा नाकाशी नेला आणि खाली ठेवला.

"काहून, पेत नाई?" राधाबाई म्हणाल्या.

"मंग पेईन. पह्यले हे घ्या." तिनं डबा त्यांच्या मांडीसमोर ठेवला आणि झाकण काढलं. "दार लोटून घ्या कोनी."

"काय हाये हे?"

"तुमी ज्याच्यावर बसून देवीले गेल्या न, ते."

ओसरीचं दार लोटलेलं, खोली लहान. राधाबाई आधी मागे सरकल्या. मग शिंका सुरू झाल्या. एक, दोन, मग थांबेचनात. डोळे लाल झाले. शेजारणींतली एक पदर तोंडाला लावून खोकायला लागली. मीही खोकत होते. दारातला पोरगा खोकला.

"बंद करा हो ते," राधाबाई म्हणाल्या.

"आत्ताच? अजून तीन घंटे हायेत. माही पोरगी तीन घंटे बसली होती. तिले मधात बसवलं होतं, पाव्हन्यायले कडेची जागा पाह्यजे म्हून."

दार कोणीतरी उघडलं. मोठीबाईनं झाकण लावलं.  मग राधाबाई नाक पुसत म्हणाल्या, आणि हे त्यांच्याबद्दल मला सांगितलंच पाहिजे, त्या सरळ बोलल्या. "चुकलं आमचं. पोरीले काई नाई. तुमी म्हनान तवा तिथी धरू."

दारातल्या पोराचा चेहरा मी पाहिला. बोटं खरंच लांब होती. ती चौकटीवर घट्ट धरलेली होती.

तिथे सगळं संपायला हवं होतं. पण मोठीबाई उठली, कोपऱ्यातल्या पाण्याच्या रांजणापाशी गेली, झाकण सरकवलं आणि आतल्या कडेवरून बोट फिरवलं. बोट वर धरलं. हिरवं, बुळबुळीत. वर्षाचं तरी असेल. ती ओसरीच्या दाराशी आली. बाहेर विमलचा होणारा सासरा बसला होता. व्याह्याशीही बाईनं थेट बोलायचं नाही, अशी रीत होती.

"खांबा," ती म्हणाली, "या घरातल्या मोठ्या मानसाले सांग. पोरीले काई नाई, हे दहा घरात सांगजा. तेवढंच मले पाह्यजे होतं. पोरगी मी इथं देत नाई."

"काहून?" म्हाताऱ्यानं खांबालाच विचारलं.

"पानी शेवाळलं."

परतीच्या गाडीत मी तिच्याशी भांडले. एकदाच भांडले. म्हटलं, "रांजन घासता येते बाई. पोरगी देऊन मंग घासला असता."

"आठ दिस मोटर घासली न तू? कंबर मोडली म्हनत होती. तिनं जनमभर त्याइचा रांजन घासावा?"

"पोरगा चांगला होता."

"पोरगा बाहीर असते दिसभर. पानी घरात असते."

राधाबाईंनी शब्द पाळला. दहा घरांत सांगितलं, पोरीला काही नाही. अकराव्या घरात सांगितलं की पोरीची आई वेडी आहे. क्षयाचं नाव गेलं, वेड्या आईचं लागलं. ते बरं, असं मोठीबाई म्हणाली. विमलला ते बरं वाटलं नाही. आम्ही घरी आलो तेव्हा तिनं विचारलं, "रांजनासाठी?" आईनं हो म्हटलं. त्यानंतर पुढची दोन वर्षं विमल आईशी कामापुरतं बोलली, तेही बहुतेक वेळा खांबाकडे पाहून. मग अकोल्याला एका जिनिंगच्या कारकुनाशी तिचं लग्न झालं. तो बिजवर होता. त्याला आई नव्हती, म्हणून ते जमलं असं माझं मत आहे.

मोठीबाईचं बरोबर होतं की चूक, हे मला आजही ठरवता आलेलं नाही. रांजण घाण होता, हे मी डोळ्यांनी पाहिलं. पोराची बोटंही पाहिली.

मोटरीला परत गाद्या बसल्या नाहीत. मामाजी शेवटपर्यंत सकाळी तिच्यात पोतं टाकून बसत. तेल मात्र परत कधी लावलं नाही.

मोठीबाईला मी शेवटचं पाहिलं ते विमलकडे, अकोल्याला. भासरे गेल्यावर विमलनं तिला नेलं होतं. का नेलं हे दोघींनीही सांगितलं नाही. एका तापात मोठीबाईचं नाक गेलं होतं. वास असा येईचना. तरी ती पेला नाकाशी नेत होती, थांबत होती, मग दुसऱ्याच्या नाकाशी धरून विचारत होती, "काय म्हनते?"

मी बाजेजवळ बसले. ती म्हणाली, "कमळे, तू खोटं नाई बोलत. त्या कोपऱ्याले वास येते का? विमल म्हनते, नाई येत."

विमल चहा घेऊन दारात उभी होती. तिनं मला मान हलवून खुणावलं, नाही म्हण. मी कोपऱ्यात पाहिलं. मोरीची भिंत पाझरत होती. पेटीच्या मागे काळी-हिरवी बुरशी छातीइतकी वर चढली होती, तिला तेच केस आले होते. विमलच्या धाकट्या पोरीची अंथरुणाची वळकटी त्या भिंतीला टेकलेली होती. माझ्या तोंडाला पाणी सुटलं.

"येते," मी म्हणाले.

विमलनं कप जोरात खाली ठेवला. मोठीबाईला वाईट वाटलेलं दिसलं नाही. तिनं बाजेची कड चाचपडली, पाय खाली सोडले आणि पदर खोचला.

"मंग बसली काहून? राख आन."

मी राख आणली, सोड्याचं पाणी आणलं. ती भिंतीशी बसून हात पुरेल तितकं घासत होती आणि फडकं नाकाशी नेत होती. काही कळत नव्हतं, तरी नेत होती, मग माझ्यापुढे धरत होती. तीनदा मी म्हटलं, अजून आहे. चौथ्यांदा म्हटलं, "गेला."

तिनं माझ्याकडे पाहिलं. मग फडकं विमलकडे धरलं. विमल जागची हलली नाही. चहा निवत होता. शेवटी ती वाकली, आईच्या हातातल्या फडक्याशी नाक नेलं आणि थांबली.

"अजून हाये," ती म्हणाली, आणि पदर खोचून आईशेजारी खाली बसली.